बोदोबाची हद्द

खुशालराव शेठच्या आवारात दुर्गाबाई माळीण सकाळी सकाळी येऊन उभी राहिली आणि तिनं जे तोंड सोडलं, ते ऐकून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानांनी बैल सोडायचंच थांबवलं. थंडीनं सगळे काकडले होते, आणि अंगात ऊब आणणारं असं भांडण रोज कुठं फुकट बघायला मिळतं?

"कोठी हाय तुमचा शेठ? बाहीर काढा त्याले! माह्या नवऱ्याचा पाय मोडून घरात काय लपून बसला?"

खुशालराव लपलेला नव्हता. तो ओसरीवर गादी टाकून अमरावतीहून आणवलेली जिलबी दुधात बुडवून खात होता. चार पावसाळ्यांपूर्वी हाच माणूस पिंपळझरीत खुशाल्या म्हणून ओळखला जायचा. मग सात समुद्रांपलीकडे कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. भाव चढला तसा खुशाल्याही चढला. आधी राव झाला, मग शेठ झाला, आणि आता गावातली म्हातारी माणसंही त्याला अहोजाहो करू लागली होती. माणूस तोच होता, फक्त धोतराला काठ आला होता.

त्याचं आवार गावाच्या तोंडाशी, बडनेऱ्याच्या गाडीवाटेला लागून. गावोगावचा कापूस तिथं यायचा आणि बोद भरून पुढे जायचा. बोद म्हणजे गोणपाटाचं हे भलंमोठं पोतं. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा खणायचा, बोद त्यात टांगायचा, आत एक माणूस उतरवायचा आणि वरून कापूस टाकत राहायचा. माणूस पायांनी तुडवतो, कापूस दबतो, माणूस वर वर येतो. खुशालरावानं असे खड्डे आवारभर खणले होते. काठ ढासळला की तो खड्डा सोडायचा आणि शेजारी दुसरा खणायचा. सोडलेल्या खड्ड्यांवर आधी सागाच्या फळ्या होत्या. पण शेठला मिरवायला नवी दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, करायची होती आणि साग महाग झाला होता. फळ्या दमणीच्या बुडाला लागल्या, आणि खड्ड्यांवर बोरूच्या काड्या टाकून वर कचरा-कापूस पसरला गेला. दिसायला सगळं पांढरंशुभ्र, मऊमऊ.

दुर्गाबाईचा नवरा गोवर्धन आदल्या दिवशी हमालांना भाजी विकायला त्या आवारात गेला होता. नेहमीच जायचा. डोक्यावर वांग्यांची पाटी, तोंडानं हाळी, आणि पाय पडला तो नेमका मऊमऊ जागेवर. पाटी वर राहिली आणि गोवर्धन खाली गेला. नडगीचं हाड मोडलं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, होळीपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही.

खुशालरावानं मिशीवरचं दूध पुसलं आणि ओसरीच्या पायरीवर आला. "काय वं दुर्गे, काहून बोंबलून राहिली?"

"बोंबलू नको तं का ओव्या गाऊ? माह्या बुढ्याचा पाय तुमच्या खड्ड्यानं मोडला."

"म्या ढकललं काय त्याले?"

"ढकलाले माणूस कायले लागते? खड्डा तुमचा, वरतून कापूस तुमचा, फळ्या तुमच्या दमणीत. ससा धराले असाच फासा मांडतेत."

गाडीवान हसले. खुशालरावाला हसणं झोंबलं. "डोये देल्ले हायेत ना देवानं? पाहून चालाव."

"थो पाहूनच चालत होता. कापूस दिसला, कापसावर पाय देल्ला. कापसाखाली पाताळ हाय, हे तुमी कोनाले सांगतलं होतं?"

"मंग मी का करू म्हनतं?"

दुर्गाबाईचा आवाज इथं जरा खाली आला, कारण इथं तिचं खरं दुखणं होतं. "मले पैसे नोको. मोट हाकाले एक मानूस द्या. बुढा उठून उभा राहेपर्यंत. अन् हे खड्डे बुजवा, म्हंजे आनखी कोनी पडनार नाही. बस, इतलंच मांगतो मी."

मागणं खरंच एवढंच होतं. नाल्याकाठी तिचा मळा होता. वांगी फुलावर आली होती, मिरची लगडली होती, मेथी-पालक गुडघ्याशी खेळत होते. पण काळ्या जमिनीचा स्वभाव वाईट. पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि हिवाळ्यात पाणी चुकलं की हात आत जाईल एवढ्या भेगा पाडून मुळंच तोडते. मोटेला दोन माणसं लागतात, एकानं बैल हाकायचे आणि दुसऱ्यानं वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायचं. दुर्गाबाईला मूलबाळ नव्हतं, आणि कापसाच्या त्या दिवसांत मोलानं माणूस मिळत नव्हता. सगळे हात खुशालरावासारख्यांनी आधीच धरून ठेवलेले.

"मानूस?" खुशालराव म्हणाला. "ऐन हंगामात? आनखी का पायजे, पालखी देऊ?" आणि तो आत जाऊन उरलेली जिलबी खाऊ लागला.

दुर्गाबाई तशीच पायी अमरावतीला गेली आणि तहसिलीच्या दारात ठाण मांडून बसली. तहसीलदार पुण्याकडचे, नवीनच आलेले, थंडीनं नाक लाल झालेले. त्यांना निम्मी वऱ्हाडी कळायची आणि निम्मी ते अंदाजानं घ्यायचे. पण खड्डा, कापूस आणि पाय एवढं त्यांना नीट कळलं.

"ज्याचं आवार, त्याची राखण," ते म्हणाले. "धंद्यासाठी लोकांना आत येऊ देतो, तर आतली जमीन पाय ठेवण्याजोगी ठेवणं हे मालकाचंच काम. मी स्वतः येऊन पाहतो. जागा त्याची ठरली की भरपाईही त्याचीच."

ही बातमी दुर्गाबाईच्या आधी पिंपळझरीत पोचली. खुशालरावानं आपल्या मुकादमाला, चंद्रभानला, बोलावलं. चंद्रभान म्हणजे पायापासून शेंडीपर्यंत शेठचा माणूस. शेठ शिंकला तर हा नाक पुसायचा.

"चंद्रभान, जागा माही ठरली तं मी फसतो."

"अन् नाही ठरली तं?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

तहसीलदार यायच्या दिवशी उजाडता उजाडता चंद्रभान नाल्यातून एक गोल दगड खांद्यावर घेऊन आला. गोवर्धन पडला होता त्या खड्ड्याच्या काठाशी दगड बसवला, त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला, दोन चांदीचे डोळे चिकटवले, नारळ फोडला आणि उदबत्ती लावली. सूर्य वर यायच्या आत देव तयार! नाव काय ठेवावं हा प्रश्न आला तेव्हा चंद्रभानाला समोर पडलेला बोद दिसला, आणि देवाचं नाव बोदोबा पडलं.

तहसीलदार घोड्यावरून उतरले तेव्हा आवारात अर्धा गाव जमला होता. खुशालराव उघड्या डोक्यानं, कपाळाला शेंदूर लावून, हात जोडून उभा.

"साहेब, माही काय औकात? हे ठिकान जुन्या काळापासून बोदोबाचं. लय जागृत. गोवर्धन वाहना घालून गेला, अन् देवाच्या अंगावर पाय देल्ला. देवानं त्याले वढून घेतलं."

"वा रे देव!" दुर्गाबाई कडाडली. "काल सांजेपर्यंत नव्हता, आज डोये फाडून पाहून राहिला! दगडाले अजून नाल्याचं शेवाळ हाय, साहेब!"

"पाहा बाई, देवाले असं बोलू नाही," चंद्रभान कानांना हात लावत म्हणाला. "दुसरा पायही जाईन घरातला."

तहसीलदारांची पंचाईत झाली. बोट लावलं असतं तर ओला शेंदूर बोटाला आला असता, हे त्यांनाही दिसत होतं. पण सत्तावनची शिपाईगर्दी होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि देवाधर्माच्या कामात हात घालू नका असा वरून सक्त हुकूम होता. ओल्या शेंदरासाठी नोकरी कोण घालवणार?

त्यांनी घसा साफ केला. "खुशालराव, देवाच्या पायाशी हात ठेवून सांगा. ही जागा तुमची की देवाची?"

खुशालरावानं दगडावर हात ठेवला. "देवाची! मी निसता दिवाबत्ती करनारा."

"म्हणजे हा खड्डा देवाचा."

"देवाचाच."

"अन् थो पलीकडचा?" दुर्गाबाईनं बोट दाखवलं. तिथंही बोरूच्या काड्यांवर कापूस पसरलेला होता. तहसीलदारांनी काठीनं डिवचलं, काठी आरपार गेली.

खुशालरावानं पुन्हा हात जोडले. "थो बी देवाचा."

"अन् वजनकाट्यामागचा?"

"थो बी."

तहसीलदार वैतागले. "अहो, मग एकदाच काय ते सांगा. देवाची हद्द कुठपासून कुठपर्यंत?"

एक खड्डा आपला म्हणावा तर खुशालराव तेवढ्यापुरता अडकणार. कुठल्या काडीखाली कुठला खड्डा आहे हे आता त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. त्यानं एकदाच हात फिरवला. "फाटकापासून मागच्या कुंपनापर्यंत! सारं आवार बोदोबाचं!"

"ठीक," तहसीलदार म्हणाले आणि घोड्यावर बसले. "देवावर फिर्याद घ्यायला माझ्याकडे तरतूद नाही."

दुर्गाबाई घरी गेली ती मळ्यात जाऊन बसली. बैल हाकायचे, मोट वर आली की ओतायची, धावत जाऊन वाफ्याचं दार फोडायचं, परत धावत यायचं, असं ती चार दिवस करत होती. निम्मं पाणी पाटातच जिरत होतं. खालच्या अंगाच्या वांग्यांनी माना टाकल्या होत्या. एरवी तिला रडू येत नसे, राग येत असे. त्या दिवशी रडू आलं. भेगाळलेल्या वाफ्यात बसून ती पोटभर रडली.

झोपडीच्या दारात बाजेवर पडलेला गोवर्धन ओरडला, "दुर्गे, रडतं काहून? देवाशी कोनाचं चालते?"

"कायचा देव? खुशाल्यानं बनोला थो!"

"बनोला तं बनोला, पन आता हाय ना? साऱ्या गावादेखत आवार देवाले देऊन बसला. देवाघरी आता तुले कोन अडवन? उद्या भाजी घेऊन फाटकाबाहीर नोको बसू, मंदी जाऊन बस."

गोवर्धन सहज बोलून गेला. माझा पाय मोडला आणि भांडणापासून शेठ आवारात येऊ देत नाही म्हणून हिची भाजीही विकली जात नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. पण दुर्गाबाईनं डोळे पुसले, ती उठली आणि नवऱ्याकडं अशी बघत राहिली की तो बिचारा घाबरला.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईनं भाजीची पाटी थेट बोदोबासमोर मांडली. खुशालराव ओसरीवरून ओरडला, "ए, ऊठ तठून! माह्या आवारात..."

"कोनाच्या?"

खुशालरावानं बोदोबाकडं पाहिलं. मग तो आत निघून गेला.

दुर्गाबाई एकटी थांबणारी नव्हती. तिनं गल्लोगल्ली बोदोबाचं माहात्म्य सांगायला सुरुवात केली. म्हातारी आशाबाई बोदोबाला नवस बोलली आणि तिची हरवलेली कोंबडी सांजच्याला घरी आली. कोंबडी रोजच सांजच्याला घरी यायची, पण तेवढं कोण विचारतो? बाया नवस बोलायला येऊ लागल्या. कोणी बाळाचं जावळ काढायला आलं. कोणी चुली मांडून रोडगे भाजले, आणि कापसाच्या ढिगाशेजारी गोवऱ्यांचा धूर पाहून खुशालरावाच्या छातीत कळ आली. बोदोबाला सोडलेले बोकड सरकीवर ताव मारू लागले. देवाचे बोकड, त्यांना काठी कोण मारणार? एक गोसावी कुठून तरी आला आणि त्यानं वजनकाट्याखाली धुनी पेटवली.

एवढ्यावरही शेठनं दात-ओठ खाऊन निभावलं असतं. पण दुर्गाबाई गेली बोद तुडवणाऱ्यांच्या म्होरक्याकडे, शेषरावकडे. शेषरावाचा भाऊ मागच्या साली अशाच एका खड्ड्यात काठ ढासळून छातीपर्यंत गाडला गेला होता. वाचला, पण तेव्हापासून धापा टाकतो. शेठनं तेव्हा त्याला एक जुनं धोतर दिलं होतं.

"शेषरावभाऊ," ती म्हणाली, "गोवर्धनानं एक पाय देल्ला तं देवानं त्याले आडवा केला. तुमी तं दिवसभर देवाच्या पोटात उतरून नाचता. तुमचं कसं व्हईन?"

शेषराव तिच्याकडं पाहून हसला. दोघंही एकमेकांना पुरते ओळखून होते. "व्हय ना बाई. म्या बी तोच इचार करून राहिलो होतो."

दुसऱ्या सकाळी तुडवणारे सगळे खड्ड्यांच्या काठावर हात जोडून रांगेत बसले. एकही खाली उतरेना.

"शेठ, देवाच्या अंगावर पाय कसा देवाव? तुमीच सांगतलं साहेबाले," शेषराव म्हणाला.

"अरे, थे निसतं बोलाचं होतं!"

"देवावर हात ठेवून बोल्ले ना तुमी?"

कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर तुंबल्या. बाहेर भाव तेजीत होता आणि इथं बोद रिकामे लोंबत होते. एक बोकड गादीपर्यंत चढून आला आणि त्यानं शेठच्या पागोट्याचा शेव चघळला. मग मात्र खुशालरावानं दमणी जुंपली आणि तहसिलीत धाव घेतली.

"साहेब, शिपाई द्या! लोकं माह्या आवारात घुसले, धुन्या पेटवून राहिले, एखांदी ठिनगी उडाली तं सारा कापूस..."

"देवाच्या आवारात," तहसीलदारांनी दुरुस्ती केली. त्यांचं नाक अजून लाल होतं, पण तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं होतं. "तुमचा काय संबंध? तुम्ही दिवाबत्ती करणारे."

"माहं हाय वो साहेब! वडलांपासून माहं हाय!"

"मला इथं सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर दिलंत, त्यांच्यासमोर परत घ्या."

तहसीलदार दुसऱ्यांदा पिंपळझरीत आले. अर्धा गाव पहिल्या खेपेला आला होता, या खेपेला पुरा आला. बाजेसकट गोवर्धनालाही चौघांनी उचलून आणलं होतं. बोदोबा एव्हाना चांगला बाळसेदार झाला होता, शेंदराचे थरावर थर चढले होते.

"बोला," तहसीलदार म्हणाले. "जागा कोणाची?"

"माही."

"मोठ्यानं बोला. मागं ऐकू जात नाही."

"माही! सारी जागा माही! दगड चंद्रभाननं नाल्यातून आनला!"

"मग खड्डे कोणाचे?"

खुशालरावानं गाड्यांकडं पाहिलं, धुनीच्या धुराकडं पाहिलं, शेषरावाकडं पाहिलं आणि शेवटी त्याची नजर गोवर्धनाच्या कामट्या बांधलेल्या पायावर येऊन थांबली.

"माहेच," तो म्हणाला.

"गोवर्धन ज्यात पडला, तो?"

"थो बी माहाच."

दुर्गाबाईला वाटलं होतं, हे ऐकून आपण हसू. पण तिचा ऊर भरून आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की तिचा नवरा आंधळा नव्हता.

निकाल तिथल्या तिथं झाला. गोवर्धन उभा राहीपर्यंत रोज एक माणूस मोटेवर द्यायचा, आणि सगळे सोडलेले खड्डे बुजवायचे. वापरातल्या खड्ड्यांचे काठ विटांनी बांधायचे आणि काम संपलं की फळ्या टाकायच्या. त्याशिवाय बोद तुडवायचा नाही. हे शेवटचं शेषराव म्हणाला आणि तहसीलदारांनी मान हलवली. फळ्या दुसरीकडं मिळेनात, म्हणून नव्या दमणीचं बूड निघालं.

माणूस म्हणून चंद्रभानाला पाठवलं गेलं, कारण शेठचा सगळा राग त्याच्यावरच निघाला. बैल हाकताना त्याला गाता येत नव्हतं, आणि गाण्याशिवाय दुर्गाबाईचे बैल हलत नव्हते. गोवर्धन बाजेवरून एकेक ओळ सांगायचा आणि मुकादम भसाड्या आवाजात ती ओढायचा. पण पाणी आलं. पाटातून खळाळत आलं, भेगांत गडप झालं, परत वर आलं आणि वाफे काळेकुळकुळीत झाले. खालच्या अंगाची काही वांगी गेलीच. बाकीच्यांनी दोन दिवसांत माना वर केल्या.

खुशालरावानं त्यानंतर बोदोबाला हलवायचा हुकूम सोडला. एकही हमाल हात लावीना. शेवटी त्यानं चंद्रभानाला मळ्यातून बोलावून घेतलं. "तूच आनला ना रे? तूच उचल."

चंद्रभान दोन पावलं मागं सरला. "मालक, आनला तवा दगड होता. आता इतल्या लोकांनी हात जोडले त्याले. माही नाही हिंमत."

देव तिथंच राहिला.

चार-आठ दिवसांनी दुर्गाबाई वांग्यांची पाटी घेऊन आवारात आली. भर दुपारची वेळ होती, हमाल सावलीला आडवे झाले होते. खुशालराव एकटाच बोदोबासमोर उभा होता. इकडंतिकडं पाहून त्यानं वाहणा काढल्या, चटकन हात जोडले आणि डोकं टेकवायला एक पाऊल पुढं टाकलं, अगदी त्या बुजवलेल्या खड्ड्याच्या अंगानं.

दुर्गाबाईनं पाटी खाली ठेवली आणि हाक दिली.

"शेठ, जपून! खड्डा बुजला हाय, पन माती अजून बसली नाही."